आहे, पण चालू आहे का?

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या जिन्यातल्या भिंतीवर आम्ही सतरा चौकोन रंगवले. संयुक्त राष्ट्रांची सतरा शाश्वत विकास ध्येयं, सतरा रंग. एनएसएसचा उपक्रम होता, कमिटी यायची होती आणि भिंत रिकामी होती. माझ्या वाट्याला सहावा चौकोन आला. निळा, ‘स्वच्छ पाणी आणि स्वच्छता’. काम मस्त झालं. मग ब्रश धुवायला त्याच मजल्यावरच्या लेडीज टॉयलेटमध्ये गेले, तर नळाला पाणी नाही. शेजारच्या नळालाही नाही. शेवटी कॅन्टीनच्या मागच्या पिंपात ब्रश बुचकळले आणि कॅन्टीनवाल्या काकांची बोलणी खाल्ली.

त्याच आठवड्यात कमिटीसाठी माहिती भरायचं काम आमच्या ग्रुपकडे आलं. एक ओळ होती, ‘मुलींसाठी स्वच्छतागृहे : संख्या’. त्याखाली, ‘सॅनिटरी नॅपकिन व्हेंडिंग मशीन : संख्या’. मशीन एक होतं, म्हणून एक लिहिलं. फर्स्ट इयरपासून त्या मशीनमधून एकही पॅकेट बाहेर पडलेलं मी पाहिलेलं नाही. ‘सर, बंद आहे हे कुठे लिहायचं?’ असं मी विचारलं. सरांनी फॉर्म खरंच वरपासून खालपर्यंत पाहिला. ‘तसा रकाना नाहीये गं,’ म्हणाले. फॉर्म तसाच गेला. त्यात एकही आकडा खोटा नव्हता.

कॉलेजला शिव्या घालायला हा किस्सा सांगत नाहीये. मुद्दा त्या नसलेल्या रकान्याचा आहे. कारण जगाच्या विकासाचा हिशोबसुद्धा अशाच रकान्यांवर चालतो.

आधी थोडं बेसिक. सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या, म्हणजे १९३ सदस्य देशांनी २०३० पर्यंतचा हा कार्यक्रम मान्य केला. त्यात १७ ध्येयं आहेत, ती फोडून १६९ लक्ष्यं केली आहेत, आणि ती लक्ष्यं गाठली की नाही हे पाहायला २३० हून जास्त निर्देशक आहेत. पोस्टरवर, टी-शर्टवर, आमच्या जिन्यात फक्त पहिली पायरी असते. ‘दारिद्र्य संपवा’, ‘चांगलं शिक्षण द्या’ याला नाही म्हणणारा माणूस शोधून सापडणार नाही. खरी खेचाखेची तिसऱ्या पायरीवर असते. गरीब कोणाला म्हणायचं? शाळेत नाव असलेलं मूल मोजायचं की वाचता येणारं मूल? पाणी ‘मिळतं’ म्हणजे नेमकं काय? ही पायरी पोस्टरवर येत नाही, कारण ती बोअर आहे. मलाही बोअर वाटायची.

पाण्याचंच घ्या. याआधीची सहस्रक विकास ध्येयं २००० ते २०१५ या काळातली. त्यात सुरक्षित पाणी न मिळणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आणायचं होतं. मार्च २०१२ मध्ये युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की हे लक्ष्य २०१० मध्येच, पाच वर्षं आधी, गाठलं गेलं आहे. मोठी बातमी होती ती. पण मोजलं काय होतं? घर कुठल्या प्रकारच्या स्रोताचं पाणी वापरतं, एवढंच. नळ, हापसा, बांधीव झाकलेली विहीर असेल तर तो ‘सुधारित स्रोत’. त्या हापशाचं पाणी कसं आहे, हापसा घरापासून किती लांब आहे, उन्हाळ्यात तो नुसता खडखडतो का, हे त्या निर्देशकात नव्हतं. म्हणजे आमचाच फॉर्म, फक्त जगाच्या आकाराचा.

२०१५ नंतर पट्टी बदलली. नव्या ६.१ या लक्ष्यासाठी निर्देशक आला ‘सुरक्षित व्यवस्थापित’ पाण्याचा. पाणी घराच्या आवारात हवं, लागेल तेव्हा हवं आणि त्यात दूषित काही नको. तिन्ही अटी एकदम. आता दोन आकडे शेजारी ठेवून बघा. जुन्या पट्टीने २०१५ साली जगातल्या ९१ टक्के लोकांना पाणी मिळत होतं. नव्या पट्टीने त्याच वर्षी ७१ टक्के. तेच वर्ष, तीच माणसं, तेच हंडे. बदलला फक्त प्रश्न, आणि जगातला जवळपास प्रत्येक पाचवा माणूस ‘मिळतं’ मधून ‘मिळत नाही’ मध्ये गेला.

हे वाचून ‘म्हणजे आधीचे सगळे आकडे फेक होते’ असं म्हणायची घाई होते. माझीही झाली होती. तसं नाहीये. ओढ्याचं पाणी पिणाऱ्या गावात हापसा येणं ही खरीच सुधारणा होती, आणि तिची मोजणी प्रामाणिकपणे झाली होती. फक्त ‘हापसा आला’ या आकड्यावर ‘पाण्याचा प्रश्न सुटला’ असं लेबल चिकटलं.

आपल्याकडे काय? १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं, तेव्हा देशातल्या ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता. आज हा आकडा १५ कोटींच्या पुढे आहे. कमी नाही हे. या योजनेच्या व्याख्येत मला आवडलेली एक गोष्ट आहे. नुसता नळ मोजायचा नाही, ‘कार्यरत’ नळजोडणी मोजायची. माणशी रोज ५५ लिटर, ठरलेल्या दर्जाचं, नियमित आणि दीर्घकाळ. म्हणजे आमच्या फॉर्ममध्ये नसलेला रकाना इथे कागदावर तरी आहे. आणि तो भरूनही पाहिला गेला. २०२२ मध्ये सरकारनेच करून घेतलेल्या पाहणीत तीन कसोट्या लावल्या होत्या, पाणी पुरेसं, नियमित आणि योग्य दर्जाचं. या तिन्हींवर उतरणारा नळ ६२ टक्के घरांत सापडला. ही योजना मुळात २०२४ पर्यंत पूर्ण व्हायची होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवली गेली.

६२ टक्क्यांवर नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. मला उलट वाटतं. असा आकडा जाहीर करणं हेच त्या खात्याचं चांगलं काम आहे. उरलेले ३८ टक्के कुठे शोधायचे हे कळायला सुरुवात तिथूनच होते.

एक गोष्ट मात्र महाराष्ट्रात राहणाऱ्याला लगेच खटकेल, मोजणीचा महिना. दिवाळीच्या सुमारास नळ सोडून बघणं वेगळं आणि मे महिन्यात बघणं वेगळं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. तेव्हा लातूरच्या घरांत नळ नव्हते असं थोडंच होतं?

शौचालयांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. त्यामागे प्रशासनाने मोजलेला शौचालयांचा आकडा होता. साधारण त्याच काळात, २०१९ ते २०२१ मध्ये, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. हे सर्वेक्षण चालवणारी संस्था आपल्या मुंबईत, देवनारला आहे. त्यांच्या लोकांनी घरोघर जाऊन ‘तुमच्या घरातली माणसं कुठे जातात?’ असं विचारलं. उत्तर आलं, १९ टक्के घरं कुठलंच शौचालय वापरत नाहीत.

या दोन आकड्यांवरून टीव्हीवर भांडणं झाली. एका बाजूने ‘सरकार खोटं बोलतं’, दुसऱ्या बाजूने ‘सर्वेक्षण चुकीचं आहे’. पण त्याच सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत हा आकडा ३९ टक्के होता. चार-पाच वर्षांत ३९ वरून १९. ही देशाने केलेली जबरदस्त कामगिरी आहे, आणि १९ म्हणजे शून्य नाही. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता येतात. आपल्याला ती म्हणता येत नाहीत, कारण एक म्हटलं की एका ग्रुपवरून रिमूव्ह आणि दुसरं म्हटलं की दुसऱ्या ग्रुपवरून.

आता थोडं रँकिंगबद्दल, कारण प्रेझेंटेशनमध्ये आपण सगळे तेच टाकतो. निती आयोगाच्या एसडीजी इंडिया इंडेक्समध्ये देशाचा स्कोअर २०१८ साली ५७ होता, २०२३-२४ मध्ये ७१ झाला. बाण वर. पण पहिल्या वेळी १३ ध्येयांचे ६२ निर्देशक होते, नंतर १६ ध्येयांचे ११३. सिलॅबस बदलल्यावर मागच्या सेमिस्टरचे आणि या सेमिस्टरचे मार्क शेजारी ठेवून ‘चौदाने वाढलो’ म्हणण्यासारखं आहे ते. वाढलो असूही. पण चौदाने वाढलो असं त्या कागदावरून सांगता येत नाही. तोच प्रकार जागतिक अहवालाचा. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात १७ टक्के लक्ष्यं मार्गावर होती, २०२५ च्या अहवालाच्या बातम्यांत ३५ टक्के. एका वर्षात दुप्पट? नाही. दुसऱ्या आकड्यात ‘मार्गावर’ आणि ‘मध्यम प्रगती’ असे दोन्ही गट मिळवलेत. नुसती मार्गावर असलेली बघितली तर १८ टक्केच आहेत. आणि याच अहवालानुसार १८ टक्के लक्ष्यं २०१५ पेक्षाही मागे गेली आहेत. २०३० ला उरलंय किती, हा हिशोब तुम्हीच करा.

पण बंद मशीन आणि कोरडा नळ निदान दिसतात तरी. काही गोष्टी अशा आहेत की त्यांचा रकानाच कित्येक वर्षं नव्हता. पाचवं ध्येय स्त्री-पुरुष समानतेचं. त्यात ५.४ हे लक्ष्य घरातल्या बिनपगारी कामाबद्दल आहे. निर्देशक काय, तर दिवसातला किती वेळ या कामात जातो, बाईचा किती आणि पुरुषाचा किती. हे मोजायला माणसाचा अख्खा दिवस विचारावा लागतो. आपल्या देशात असं पहिलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये झालं आणि दुसरं २०२४ मध्ये. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. प्रत्येक रकान्यात काय केलं ते लिहायचं.

मी हा तक्ता मोबाइलवर बनवला आणि गणपतीच्या सुट्टीत घरी गेल्यावर आईसमोर बसले. आमचं घर तालुक्याच्या गावात. ‘काल काय काय केलंस?’

‘काही नाही गं. घरीच होते.’

अर्धा अर्धा तास करत विचारत गेले. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पहाटे पाचला पाणी येतं, म्हणून ती पावणेपाचला उठली होती. पाच ते साडेपाचच्या रकान्यात पाणी भरणं, चहा टाकणं आणि आजीला औषध देणं, अशी तीन कामं आली. साडेपाच ते सहा, परत पाणी, कणीक, आंघोळीचं पाणी तापवणं. दुपारचे दोन वाजेपर्यंत एकही रकाना रिकामा निघाला नाही. मग ती म्हणाली, ‘दोन ते अडीच पडले होते. ते लिहू नकोस.’ बाबा शेजारी पेपर वाचत होते. त्यांचाही तक्ता भरला. त्यात घरकामाचा एक रकाना आला. गाडी पुसणं. ते घरकामात धरायचं का यावर आमची चर्चा झाली, ती इथे देत नाही.

२०२४ च्या सर्वेक्षणाचे देशाचे आकडे असे : घरकाम करणाऱ्या स्त्रिया रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ८८ जरा बरा वाटला. दीड तास म्हणजे काही वाईट नाही. मग ‘घरकाम करणारे पुरुष’ या शब्दांकडे लक्ष गेलं. म्हणजे ज्यांनी त्या दिवशी काहीतरी केलं त्यांचीच ही सरासरी. बाकीचे हिशोबातच नाहीत. २०१९ च्या सर्वेक्षणात असं काही काम करणारे पुरुष होते साधारण २६ टक्के, आणि ते करत होते ९७ मिनिटं. आता ही मिनिटं सगळ्या पुरुषांत वाटली तर माणशी २५ मिनिटं येतात. हाच हिशोब स्त्रियांचा केला, ८१ टक्के स्त्रिया आणि २९९ मिनिटं, तर येतात २४२. एकाच सर्वेक्षणातून ‘पुरुष दीड तास घरकाम करतात’ अशी बातमी करता येते आणि ‘पुरुष पंचवीस मिनिटं करतात’ अशीही. कुठली छापायची हे न्यूजरूममध्ये ठरतं. मी सध्या न्यूजरूममध्येच बसते, म्हणून हे सांगतेय.

त्यात अजून एक मेख आहे. हापशावरून, विहिरीवरून, टँकरवरून पाणी आणायला जाणारा वेळ त्या २८९ मिनिटांत नाहीच. सर्वेक्षणाच्या वर्गवारीत तो ‘स्वतःच्या वापरासाठी वस्तूंचं उत्पादन’ या वेगळ्या कप्प्यात जातो. अर्थशास्त्राच्या नियमाने ते बरोबर असेलही. पण ज्या गावात बायका सकाळचे दोन तास पाण्यामागे घालवतात, तिथले ते दोन तास ‘घरकाम’ म्हणून दिसणार नाहीत. माझ्या निळ्या चौकोनाशेजारी मैत्रिणीने रंगवलेला पाचवा केशरी चौकोन होता. भिंतीवर त्यांच्यामध्ये पांढरी पट्टी आहे. गावात अशी पट्टी नसते. नळ चालू झाला की बाईचे तास सुटतात, नळ बंद पडला की ते परत जातात.

आणि हे सगळं ज्या पायावर उभं आहे तो आकडा म्हणजे देशाची लोकसंख्या. आपली शेवटची जनगणना २०११ ची, म्हणजे मी दुसरी-तिसरीत असतानाची. २०२१ ची झालीच नाही, पुढची २०२७ ची. तोपर्यंत टक्केवारीतल्या भागाकारात खाली जो आकडा असतो तो अंदाजाचा. तुमच्यापैकी कित्येक जण त्या वेळी नोकरीच्या शोधात असतील. जनगणनेचा प्रगणक दारात आला की ‘नंतर या’ म्हणू नका, एवढी एक वैयक्तिक विनंती. कारण सर्वेक्षण करणाऱ्या लोकांना दिवसभर हेच ऐकावं लागतं.

मग आपण करायचं काय? पोस्टर स्पर्धा, रॅली, शपथ हे सगळं चालू राहू दे, माझा विरोध नाही. एनएसएसचे तास भरायचे असतात, मला माहीत आहे. पण त्यातला एक दिवस वेगळा घालवता येईल. आपल्या कॉलेजच्या प्रत्येक मजल्यावरचा नळ वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी सोडून बघायचा आणि तक्ता करून नोटीस बोर्डावर लावायचा. पंधरा दिवस केलं तरी पुरे. कमिटीच्या फॉर्ममध्ये रकाना नसेल तर आपल्या तक्त्यात असेल. तो तक्ता लावायला प्राचार्य हो म्हणतील का? आमच्याकडे म्हटले नसते कदाचित. पण विचारलं मीही नव्हतं, मी फक्त ब्रश धुतले.

आणि जे गावाकडून येऊन होस्टेलवर राहतात त्यांच्या हातात तर माझ्यापेक्षा जास्त आहे. एखादं गाव ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित व्हायचं तर खात्याने काम पूर्ण झाल्याचं कळवून भागत नाही. ग्रामसभेला ठराव करून ‘होय, आमच्या प्रत्येक घरात पाणी येतं’ असं म्हणावं लागतं. शेजारच्या गोव्याचा देशातलं पहिलं प्रमाणित राज्य म्हणून मान आहे, ऑगस्ट २०२२ मधला. तिथेही गावोगावच्या ग्रामसभांनी ठराव केले तेव्हाच ते झालं. तुमचं वय अठरा झालंय, गावच्या मतदार यादीत नाव आहे, तर तुम्ही त्या ग्रामसभेचे सदस्य आहात. महाराष्ट्रात १ मे ला ग्रामसभा भरते. मे महिना, परीक्षा संपत आलेल्या, तुम्ही घरी. आणि नळाला पाणी आहे की नाही हे बघायला वर्षातला याहून चांगला दिवस नाही. तिथे ठराव वाचला जाईल तेव्हा ‘कार्यरत म्हणजे माणशी ५५ लिटर ना? वरच्या आळीत येतं का तेवढं?’ एवढं विचारायला फार धाडस लागत नाही. थोडं लागतं. सरपंच तुमचे काका असतील तर जरा जास्त लागतं.

परवा मार्कशीट आणायला कॉलेजमध्ये गेले होते. भिंतीवरचे चौकोन आहेत, सहाव्याचा निळा खालच्या कोपऱ्यात ओल येऊन पोपडा धरायला लागलाय. व्हेंडिंग मशीनवर कोणीतरी वह्यांचं पार्सल ठेवलंय. टॉयलेटमध्ये गेले आणि नळ सोडून बघितला. सोमवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. पाणी होतं. वेळ मोबाइलमध्ये लिहून ठेवली. गुरुवारी दुपारी ट्रान्सफर सर्टिफिकेटसाठी परत जायचंय, तेव्हा पुन्हा बघेन.